मटणाची बादली

चर्चमध्ये माणसाची खरी पायरी रविवारी कळत नाही. रविवारी सगळेच मान खाली घालून बसलेले असतात. ती कळते सुगीनंतर, हंगामाच्या सणाला, उपासना उरकून पटांगणात पंगत बसते तेव्हा. आमच्या उचगावच्या मंडळीत नवख्या माणसाच्या हातात मिठाचं ताट देतात. तो टिकला तर काही वर्षांनी पाणी, मग कांदा-लिंबू, मग भात. मटणाची बादली मात्र एकाच माणसाकडे असते आणि मरेपर्यंत त्याच्याकडेच राहते. सेवा सेवा म्हणतात ती हीच. वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसावं, हे आमच्याइतकं कुणी मनावर घेतलं नसेल.

बादली विजयसिंह आबांची. त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांची. आबा मंडळीतले सगळ्यांत जुने पंच. तालमीत कमावलेलं शरीर, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी कुणाचं अडत नाही. डाव्या हातात बादली, उजव्या हातात लांब दांड्याचं ओगराळं, आणि मगजानं भरलेली नळी कुणाच्या पानात पडायची ते त्यांच्या मर्जीवर. स्वतः ते पंगतीला कधी बसले नाहीत. चुलीपाशी उभ्याउभ्याच चार घास खायचे. गणपतरावांच्या पानात नळी कधी पडली नाही. गणपतराव भातवाले. जन्मभर भाताची परात फिरवली आणि जन्मभर त्या बादलीकडे बघत राहिले. चर्चच्या छपराच्या पत्र्यांवरून दोघांची कधीतरी बोलाचाली झाली होती. काय बोलले ते दोघांनाही आठवत नसेल, राग तेवढा शाबूत होता.

गेल्या वर्षी आबांच्या हाताला कंप सुटला. प्रभुभोजनाचा ट्रे फिरवताना त्यातले द्राक्षरसाचे चिमुकले पेले किणकिणायला लागले. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून घेतले, जणू फार भक्ती दाटून आली होती.

यंदा पंचांनी आबांच्या पाठीमागे ठरवून टाकलं, बादली गणपतरावांना द्यायची. उकळता रस्सा, खाली बसलेली माणसं. निर्णय चुकीचा नव्हता. पण आबांना सांगायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली तसे सगळे पाळकसाहेबांकडे बघायला लागले. पाळकसाहेब राजवर्धन तरुण आणि भिडस्त. त्यात आमच्याकडे अवघड गोष्ट तोंडावर सांगत नाहीत, उपदेशात घालतात. त्यांनीही घातली. प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय कसे धुतले, दुसऱ्याला जागा करून द्यायला कसं मोठं मन लागतं, असं पुष्कळ वेळ बोलले, आणि तेही नजर आबांवर ठेवून. उपदेश नेहमी शेजाऱ्यासाठी असतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आबा पहिल्या बाकावर भरल्या डोळ्यांनी मान डोलवत होते. उपासना सुटली तसे ते उठले, खांद्यावर टॉवेल टाकला, थेट चुलीकडे गेले आणि बादली भरून घेतली.

"साहेब, आज लई पटलं बघा," ते पाळकसाहेबांना म्हणाले. "सेवा काय सोडायची न्हाय."

गणपतरावांना बादलीचं आदल्या दिवशीच सांगून झालं होतं. ते नवाकोरा नॅपकिन खांद्यावर टाकून चुलीजवळ उभे होते, तसेच उभे राहिले.

पहिल्याच पानावर ओगराळं हिंदकळलं आणि तांबडा रस्सा जेवणाऱ्याच्या पांढऱ्या पायजम्यावर गेला. दुसऱ्या पानाला बादलीच कलली, तसा समोरचा माणूस पान सोडून मागे सरकला. त्याच्या शेजारचाही सरकला. बघता बघता अख्खी ओळ मागे सरकली, आणि आबा नुसत्या पानांपुढे वाकलेले राहिले. आम्ही बायका समोरच्या ओळीत होतो. मला त्या सरकणाऱ्यांचा संताप आला, आणि आबांचाही.

गणपतराव चुलीपासून आबांकडे निघाले. मला वाटलं, झालं, आता हा बादली हिसकावणार आणि जन्माची हौस फेडून घेणार.

"आबा, बादली हिकडं द्या."

"का? माझ्याच्यानं हुईत न्हाय म्हणतोस?"

"हुतंय की. बादली जड हाय. मी धरतो, तुम्ही वाढा."

आबांनी बादली दिली की त्यांच्या हातून सुटली, ते सांगता येत नाही. गणपतराव पानासमोर गुडघ्यांवर बसले आणि बादली पानाला टेकवून धरली, म्हणजे ओगराळ्याला अंतरच राहू नये. सांडेल ते बादलीत, नाहीतर त्यांच्या मनगटावर. मग पुढचं पान, पुन्हा गुडघे. माणसं गुपचूप आपापल्या पानावर परत आली. अशी सगळी ओळ झाली, मग आमची झाली. गणपतरावांचे गुडघे चांगले नाहीत, उपासनेत उठताना बाक धरावा लागतो. जिच्यासाठी जन्मभर जळले ती बादली हातात आली, पण ओगराळ्याविना. वाढलं कुणी म्हणाल, तर आबांनीच.

गणपतराव मला आवडत नाहीत. मंडळीच्या सभेत उगाच फाटे फोडतात. पण त्या दिवशी हातातला घास तसाच ठेवून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

शेवटी वाढपी जेवायला बसले, आबा तेवढे नेहमीसारखे उभे. गणपतरावांनी बाही ओढून मनगट झाकलं होतं, पण भात कालवताना ती वर गेली. आबांनी बघितलं.

"भाजलं व्हय रं?"

"न्हाय वो. एवढं काय न्हाय."

आबांनी बादली जवळ ओढली. ओगराळं तळाशी फिरवत बराच वेळ काहीतरी शोधलं. वर काढलं तेव्हा त्यात नळी होती. हात इतका थरथरत होता की रस्सा वाटेतच सांडला, थोडा आबांच्या पायांवर, बाकीचा गणपतरावांच्या मांडीवर. नळी तेवढी पानात पोचली. गणपतरावांनी मान खाली घातली. रविवारी घालतात तशी नव्हे.

आबांनी ओगराळं बादलीत ठेवलं, गणपतरावांच्या शेजारी मांडी घातली आणि एक पान पुढे ओढून म्हणाले, "मला वाढा रं कुणीतरी."