पन्नास पेशी

दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये अकरा वर्षं रक्त काढून काढून लोकांनी तिचं नाव ‘टोचणीबाई’ पाडलं होतं, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते कॉलेजातल्या पोरींनी पहिल्याच आठवड्यात ‘काकू’ म्हटलं तेव्हा. चौतीस हे काही काकू होण्याचं वय नव्हे. पण बाकीच्या सगळ्या एकोणीस-वीसच्या, तेव्हा बोलणार कुणाला?

लॅब टेक्निशियनच्या डिप्लोम्यावर तिला बी.एस्सी.च्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला होता. शिकायची हौस होती, नाही असं नाही. पण खरं कारण एक खुर्ची होतं. लॅबचे मुख्य टेक्निशियन, ज्यांना डॉक्टरसुद्धा मामा म्हणत, दोन वर्षांनी निवृत्त होणार होते, आणि मायक्रोस्कोपसमोरच्या त्यांच्या खुर्चीवर यापुढे पदवीधरच बसेल असं पत्रक निघालं होतं. तिला दुपारची सुटी मिळाली होती तीही मोजून दोन वर्षांची. एक वर्ष जरी वाया गेलं, तरी त्या खुर्चीवर पाणी सोडायचं.

रसायनशास्त्राच्या तासाला ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसे. प्रॅक्टिकलला मात्र तिचा रुबाब पाहण्यासारखा असे. काचेवर रक्ताचा थेंब पसरवताना पोरींचे हात थरथरत, फिल्म कुठे जाड तर कुठे फाटलेली. ती एका झटक्यात अशी पातळ फिल्म ओढे की पोरी म्हणत, ‘काकू, आमचीपण काढून द्या ना.’ म्हणून वर्षअखेरच्या प्रयोगाची तिला मुळीच धास्ती नव्हती.

प्रयोग साधा होता. पंधराजणींचं रक्त आधी बसल्या जागी घ्यायचं, मग चार मजले धावत चढून आल्यावर पुन्हा. अशा तीस स्लाइड्स. प्रत्येक स्लाइडवर शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, त्यांच्या पाच प्रकारांपैकी कोणता किती ते लिहायचं, आणि धावल्याने त्यात काय फरक पडतो ते पाहायचं. पोरी चौथ्या-पाचव्या स्लाइडवर डोळे चोळत होत्या, तेव्हा हिचा तक्ता दोन दुपारांत भरून तयार.

तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. तक्ता टेबलावर उलगडून ठेवला होता.

“तीस स्लाइड्स, पाच प्रकार. दीडशे आकडे,” मॅडम म्हणाल्या. “यातला एक विषम आकडा दाखवा मला.”

तिने पाहिलं. बासष्ट. चौतीस. दोन. दोन. शून्य. छप्पन. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

“नाणं दीडशे वेळा उडवलं आणि दीडशे वेळा छापाच पडला, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? हे घरी बसून रचलंय असं समजू का मी?”

आकडे रचलेले नव्हते. पण कुठून आले ते तिला आता, त्या क्षणी, पहिल्यांदा दिसत होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मामांनी तिला सांगितलं होतं की दिवसाच्या सत्तर स्लाइड्स शंभर-शंभर मोजत बसलीस तर म्हातारी होशील. पन्नास मोज आणि दुप्पट कर, शितावरून भाताची परीक्षा. संशयाची स्लाइड असली की मामा स्वतः दोनशे मोजत. बाकी सगळ्यांना पन्नास. पुढे पुढे मनात दुप्पट करावंही लागेना, हातच तसं लिहीत असे. कॉलेजातही हाताने तेच केलं होतं.

मॅडमनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. आकडे असे का आले ते जर्नलमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहायचं. नाहीतर जर्नलवर सही नाही, आणि सही नाही तर परीक्षेला बसणं नाही.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्टदुरुस्तीच्या कामाला होता आणि कुठला नट ढिला आहे ते त्याला लवकर कळे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सरळ हिशेब मांडला. आकडे रचले म्हणून सांग, घाईत होते म्हण, पाया पड. विद्यार्थिनीची चूक आहे, बाई फार तर चार शब्द सुनावतील आणि पुन्हा करून घेतील. खरं लिहिलंस तर ती चूक तुझी राहत नाही, ती दवाखान्याची होते.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” तो म्हणाला. “तू ती भर वर्गात उघडणार?”

बोलणं खोटं नव्हतं. पण तिने प्रत्येक स्लाइडवर डोळा ठेवला होता, आणि त्या तीस स्लाइड्स मी पाहिल्याच नाहीत असं लिहायला तिचा हात तयार होईना. लबाड म्हणवून घ्यायचं, तेही न केलेल्या लबाडीसाठी. आणि केलेली लबाडी? तिला तोवर ती लबाडी वाटलीच नव्हती, हेच तर जास्त खुपत होतं.

शुक्रवारी तिने खरं लिहून दिलं. मॅडमनी उभ्याउभ्याच वाचलं, मग खुर्ची ओढून बसल्या.

“दवाखान्यातपण असंच?”

“हो.”

“किती वर्षं?”

“अकरा.”

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एवढंच समजावलं की जी पेशी शंभरात एखादीच असते, ती पन्नासात दिसली तर दुपटीने दोन होते आणि नाही दिसली तर नाहीशी होते. आणि पुष्कळदा आजाराचा पत्ता त्या एकीवरूनच लागतो. मग त्यांनी तीसही स्लाइड्स आपल्यासमोर पूर्ण मोजायला लावल्या. त्यात तीन दुपारी गेल्या. आधीच्या तक्त्यात धावल्यानंतरचा फरक कसा ओळीत, शिस्तीने वाढलेला होता. आता चार जणींचा उलटाच आला आणि दोघींचा काहीच नाही. मॅडमनी तो ओबडधोबड तक्ता मान्य केला, सही केली. पोरींनी तिला चहा पाजला. तिला तो गोड लागला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी लॅबमध्ये ती स्लाइड्स घेऊन बसली आणि शंभर मोजू लागली. अकरा वाजेपर्यंत ट्रेमध्ये ढीग साचला. खिडकीपाशी रिपोर्टसाठी माणसं कुरकुरू लागली. मामा येऊन मागे उभे राहिले आणि डोळ्यांना काही झालंय का, असं त्यांनी काळजीनेच विचारलं. तेव्हा तिने सगळं सांगितलं, जर्नलसुद्धा.

मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“लिहून दिलंस?”

“दवाखान्याचं नाव नाही लिहिलं, मामा.”

“नाव लागतं होय? तू कुठे काम करतेस ते त्या बाईला माहीत नाही?” त्यांचा आवाज चढला नाही. “पोरी, तुला हाताला धरून शिकवलं मी. एक तरी माणूस दगावलाय का माझ्या पन्नासांनी?”

दगावला नाही असं तिला सांगता येत नव्हतं आणि दगावला असंही नाही. मोजलेलंच नव्हतं, तर कळणार कसं? हे मामांना म्हणावं इतकं धैर्य तिच्यापाशी नव्हतं. पण तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण मामांनी हात पुढे करून ट्रे उचलला.

“ऊठ. आजपासून तू बाहेर टोचायचं. मोजणं माझ्याकडे.”

“मामा, मी थांबून उशिरापर्यंत मोजीन. सगळ्या पूर्ण मोजीन.”

“आणि ते लोक? त्यांना काय सांगू, आमच्या बाई कॉलेजात जातात म्हणून थांबा?” ते खुर्चीवर बसले. “पुढच्या वर्षी बस इथे. डिग्री घेऊन ये, मग तुझ्या मनासारखं कर. तोवर मी आहे.”

वर्षभराच्या सत्तर-सत्तर स्लाइड्स तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. डॉक्टरांकडे जावं, तर रिपोर्टवर सही त्यांचीच असे, तीही न वाचता केलेली. ती बाहेर काउंटरवर आली, हात धुतले, ग्लोव्हज घातले.

पहिलाच नंबर एका म्हाताऱ्या गवंड्याचा होता. तीन आठवड्यांपासून ताप उतरत नव्हता. बाही वर करून त्याने दंड पुढे केला आणि रिपोर्ट कधी मिळेल म्हणून विचारलं. संध्याकाळी पाचला या, असं तिने सांगितलं.

“आणि बरोबर येईल ना, बाई? मागच्या वेळी इथेच केला, काही निघालंच नाही.”

तिने दंडाला पट्टा आवळला, शिरेवर बोट ठेवलं आणि मूठ घट्ट मिटायला सांगितली. रक्त घेतल्यावर सुई बाजूला ठेवून तिने बाटलीवरच्या चिठ्ठीवर, मामांना वाचता येईल अशा ठळक अक्षरात, लिहिलं: संशयाची, दोनशे मोजा. त्याच्यामागे अजून चौतीस माणसं रांगेत होती. तिने पुढच्याची चिठ्ठी घेतली आणि पेन तसंच हातात धरून राहिली.