प्राइमसचं मत

मार्चअखेरच्या त्या सकाळी डॉर्कस कॅन्ससच्या माळावर घेवडा शिजवत होती. खाणारे तीनशे जण नदीपलीकडच्या मिसुरीचे. शेजाऱ्यांच्या निवडणुकीत मत द्यायला आले होते. आपला माणूस ओळखू यावा म्हणून प्रत्येकाने कोटाच्या काजात तागाची बट खोवली होती. गुलामगिरी नको म्हणणारे शेजारी दूर लॉरेन्स गावात राहत.

कॅन्सससारख्या नव्या मुलखात गुलामगिरी असावी की नाही हे तिथल्या रहिवाशांनीच ठरवावं, अशा कायद्यावर राष्ट्राध्यक्षांनी सही केली होती. म्हणून कर्नल हॅझलिट सकाळपासून तिथला रहिवासी झाला होता. तो कोणत्या फौजेचा कर्नल, हे कुठल्याच फौजेला ठाऊक नव्हतं. गुलामगिरी आली की त्याचा मुलगा इथे शेत थाटणार होता, आणि डॉर्कसची लेक लेव्हिनिया त्याला लग्नाचा आहेर म्हणून मिळणार होती. डॉर्कस राहणार मिसुरीतच.

कर्नलने चार नावांनी चार मतं दिली. पाचवं नाव सुचेना.

"लिहा, प्राइमस हॅझलिट. गुलामगिरीच्या बाजूने!"

कारकुनाने मतांच्या वहीत लिहिलं. डॉर्कसचा डाव पातेल्यातच थांबला. प्राइमस तिचा नवरा. ताग कमी सोलला म्हणून कर्नलने दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला चाबकाने मारून टाकलं होतं.

"आई, बाबांनी मत दिलं?" लेव्हिनिया पुटपुटली.

"दिलं गं. मेल्यावर का होईना, माणसात धरलं त्यांना."

व्हिस्कीचं पिंप फुटलं. कारकुनासकट सगळे तिकडे धावले. वही टेबलावर एकटीच राहिली.

"लेव्हिनिया, कर्नलच्या घोडीला पाणी दाखवून आण. लॉरेन्सच्या वाटेवर ओढा आहे. तहान भागली नाही, तर पुढच्या ओढ्यावर ने. मग त्याच्या पुढच्या."

"आणि तू?"

"घेवडा कच्चा आहे अजून."

दुपारी कर्नल बोटं चाटत म्हणाला, "मावशी, झकास शिजलाय! वही कुठे दिसली का गं?"

"प्राइमस आला होता, मालक. म्हणाला, मत बदलायचंय. वही चुलीत घालून गेला."

"अगं मूर्ख बाई, तो मेलाय! या हातांनी मारलाय मी त्याला!"

तीनशे चमचे थांबले.

"मग सकाळी मत कुणी दिलं, मालक?"

कुणीतरी फिसकन हसलं. कर्नलने चाबूक मागवला. गुलामाच्या जिवाबद्दल त्याला कधी कुणी जाब विचारला नव्हता. आजही विचारणार नव्हतं. पण त्याची पाचही मतं आज घेवड्याखाली जळली होती.

डॉर्कस फटके मोजत होती. एक ओढा. दोन ओढे. तीन. तिला वाटत होतं, या मेल्या कर्नलचा हात इतक्यात थकू नये. लॉरेन्स अजून दूर आहे.