शिशाची सूर्यफुलं

तिसऱ्या पिकाला सूर्यफुलांनी सूर्याकडे बघणं सोडलं आणि ती हौसाबाईच्या दाराकडे बघू लागली. सकाळी तिकडेच, दिवस मावळतानाही तिकडेच.

"काकू, जेवायला घालता का हो त्यांना?" पोरं हसली.

"घालते की. तुमच्या वाटणीचं," हौसाबाई म्हणाली आणि तिनं दार लोटून घेतलं.

त्या माळावर पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडत. शिसं मातीत मुरलं होतं. देवरे गुरुजी पोरांना समजावत, "मुळं शिसं पितात, अंगात साठवतात. म्हणून हे रोप खायचं नाही, शेळीला घालायचं नाही, मागं ठेवायचं नाही. सगळं उपटून ट्रकमध्ये. आणि जिथं खड्डा पडेल तिथं लगेच नवं बी टाकायचं, खाली अजून शिसं असतं. साफ झाली की माती तुमची. खेळा."

हौसाबाईची सुली तीच माती खायची. चार वर्षांची होऊन गेली. एवढ्या लेकराला जाळत नाहीत. माळाच्या कडेला पुरलं होतं.

काढणीला रोपं इतकी जड निघाली की एकेकाला दोन माणसं लागली. शेवटी कडेचं एकच रोप उरलं. ते कुणालाच उपटेना. गुरुजींनी हात पुढे केला, तर त्यानं पान मागे घेतलं.

"हौसाबाई," गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "हे राहिलं तर माती साफ व्हायची नाही."

"ठाऊक आहे."

"मग तुम्हीच बोलवा तिला."

हौसाबाईनं पदरानं फुलावरची धूळ पुसली. "चल गं, सुले."

ओढावं लागलंच नाही. रोप आपणहून वर आलं. मुळांना मातीचा कणही नव्हता. एका बारक्या मुळाभोवती काळा दोरा होता. तिनं रोप कडेवर घेतलं, तसं फूल तिच्या खांद्यावर टेकलं.

"केवढी जड झालीस गं," ती म्हणाली.

ट्रक रस्त्यावरच उभा होता, पण वाट लांबत गेली. पहिल्या पावलाला तिचा पाय घोट्यापर्यंत मातीत गेला, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. ट्रकमधली सगळी फुलं तिच्याकडे बघत होती.

"बाई, खाली ठेवा ते!" ड्रायव्हर ओरडला.

"ओरडू नका. झोपलीय," हौसाबाई म्हणाली आणि तिनं पुढचं पाऊल टाकलं.

मागून पोरं ओळीनं येत होती. गुरुजींनी शिकवलं होतं तसं, तिच्या प्रत्येक पावलाच्या खड्ड्यात एकेक बी टाकत, वर माती लोटत.