शेरडांच्या दिव्याला गेलेला फ्यूज

मित्रांनो, माझा पत्रा जागोजाग फुगलाय, मागचं दार दोरीने बांधलेलं असतं आणि अंगाला मासळीचा वास येतो. तरी नाक मुरडू नका. मी बावीस वर्षांची एक जुनी व्हॅन आहे आणि तो वास माझ्या कष्टाचा आहे.

माझी पहिली आठ वर्षं अवसरी बुद्रुकला गेली. रोज चौदा मुलं आणि चौदा दप्तरं पोटात घेऊन मी शाळेत जायचे. पुढे डिंभ्याच्या धम्मपालभाऊंनी मला घेतलं, धरणातली मासळी मंचरच्या बाजारात न्यायला. मुलांच्या जागी मासे येणार म्हटल्यावर मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण धम्मपालभाऊंची आई, द्रौपदाआजी, येईल त्या पाहुण्याला सांगायची, "ही व्हती म्हून आमचं घर उभं ऱ्हायलं." असं कौतुक ऐकल्यावर वासाचं काय एवढं? शिवाय बस चुकलेला माणूस आमच्याच अंगणात यायचा. परीक्षेला निघालेली पोरं नेली, बाळंतिणी नेल्या, एकदा तर अख्खं बँडपथक नेलं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. यंदा दोन महिने मी जागची हलले नाही. कोंबड्या माझ्याखाली अंडी घालू लागल्या आणि माझ्याकडे कोणी ढुंकून पाहीना.

त्यातच बिबट्याने शेजारच्या गेणभाऊंची शेळी उचलली. आमच्याकडे सगळ्यांच्याच गोठ्यावर आता लुकलुकणारा दिवा असतो, बिबट्या बिचकावा म्हणून. आजीच्या शेरडांचा दिवा नेमका त्याच आठवड्यात बंद पडला. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोटं भारी हुशार. दिवा बसवणाऱ्याने गाडीत असतो तसलाच फ्यूज कसा बदलला ते तिने पूर्वी पाहिलं होतं. भर दुपारी ती माझ्या स्टिअरिंगखाली बसली, चाचपून एक चिमुकला फ्यूज उपसला आणि दिव्याला लावला. दिवा लुकलुकू लागला. तो फ्यूज माझ्या पेट्रोलच्या पंपाचा होता, हे तिला कुठून कळणार?

मला कळलं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

चार दिवसांनी आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मंचरच्या दवाखान्यात अकराच्या आत पोचायचं होतं, आणि ही तारीख चुकली की पुढची दिवाळीनंतर. सकाळची बस आजीनेच जाऊ दिली. "आपली गाडी दारात असताना दाटीवाटीत कशाला जायाचं?" माझ्यावर एवढा विश्वास, आणि मला तर जागचं हलताच येणार नव्हतं!

धम्मपालभाऊंनी चावी फिरवली. स्टार्टर खर्र खर्र फिरला, पण इंजिन काही पकडेना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. गेणभाऊ म्हणाले, "प्लग वले झालं आसतील." प्लग काढले, पुसले, परत बसवले. मग टाकीत आणखी पेट्रोल ओतलं. मग चौघांनी उतारावर धक्का मारला. मी निमूटपणे उतारावरून गेले आणि खाली जाऊन उभी राहिले.

"म्हातारी झाली राव. आता भंगारातच जायाची ही," गेणभाऊ म्हणाले. आजी शेजारीच पिशवी घेऊन उभी होती. तिची नात तेजस्विनी तेवढी रडवेली झाली आणि तिने घोडेगावच्या मेकॅनिक अमजदभाईंना फोन लावला.

अमजदभाई मोटारसायकलवरून आले तेव्हा साडेनऊ झाले होते. प्रत्येकजण त्यांना आपापलं निदान सांगू लागला.

"आधी सगळी गप ऱ्हावा बरं," ते म्हणाले. "गाडीला बोलू द्या."

त्यांनी चावी फिरवली, पण अर्धीच, नुसते दिवे लागण्यापुरती. मागे टाकीपाशी त्यांनी कान लावला. मित्रांनो, पंप नीट असला की त्या वेळी दोन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. आज काहीच ऐकू आलं नाही.

"स्टार्टर फिरतोय, म्हंजी बॅटरीत दम हाय. पेट्रोल टाकीत हाय, पर वर चढत न्हाई. पंप मुका झालाय." मग त्यांनी स्टिअरिंगखाली टॉर्चचा उजेड मारला. "आन हितं तर फ्यूजच न्हाई. कुणी काढला?"

"ती बारकी चकती व्हय?" आजी म्हणाली. "ती म्या काढली. शेरडांच्या दिव्याला लावली." तिचा आवाज पार बारीक झाला.

तेजस्विनी गोठ्याकडे पळायला निघाली, तसा आजीने तिचा हात धरला. "दिवा नको काढू बाई. आजची रात तुमी समदी तिकडं. मुक्या जिवांना कोण हाय? माझं डोळं ऱ्हाऊ दे दिवाळीपत्तूर."

अमजदभाई पुन्हा स्टिअरिंगखाली वाकले. मग त्यांनी माझ्या हॉर्नचा फ्यूज काढला. "नंबर सेम हाय, आजी. शेरडांचा दिवा तसाच ऱ्हाऊ द्या. धम्मपालभाऊ, आज बिनहॉर्नची हाका, आन जरा दमानं."

चावी अर्धी फिरली. घूं. पूर्ण फिरली, आणि मी पेटले. त्या क्षणी मला रडता आलं असतं तर मी रडलेच असते. माझा आवाज गेला, पण आजी वेळेत निघाली. प्रत्येक वळणावर तेजस्विनी खिडकीतून हात काढून "ओ पावणं, बाजूला व्हा" म्हणून ओरडत होती. अकराला दहा कमी असताना आम्ही दवाखान्याच्या दारात होतो.

अमजदभाईंचे आणि आजीचे उपकार मी कसे फेडू? फार तर तुम्हाला एवढं सांगेन. तुमच्या दारात एखादी म्हातारी गाडी असेल, घरात एखादं थकलेलं माणूस असेल. चालत नाही म्हणून लगेच धक्के मारू नका. आधी गप बसून कान लावा. बहुतेक वेळा बोटभर काहीतरी हरवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी एका डोळ्याची पट्टी सुटली आणि मीच आजीला घरी आणलं. उतरल्यावर ती काळा चष्मा लावून माझ्यासमोर उभी राहिली. "हिच्या बी डोळ्यांवर पडदा आलाय की," ती माझ्या पिवळ्या पडलेल्या दिव्यांना बघून म्हणाली. तेजस्विनीने तिला ओट्यावर बसवलं आणि स्वतः दंतमंजन घेऊन दिवे घासू लागली.

"तितं कोपऱ्यात ऱ्हायलं बघ," आजी ओट्यावरूनच म्हणाली.

तो डाग जोंधळ्याच्या दाण्याएवढा होता. तेजस्विनीने तो पुसला आणि ती आजीकडे बघतच राहिली.