उसन्या पोरांची परीक्षा

आमच्या वरच्या वाडीवर वारा असा, की पोराला जेवायला हाक मारावी तर हाक पोलादपूरच्या एसटी स्टँडवर जाऊन पडते आणि तिथलाच कुणी भलता जेवायला येतो. अशा वाडीवर सुप्रियाबाई महाडहून चढून यायच्या, मुलांना वाचायला शिकवायच्या. वर्ग एका संस्थेचा. पूर्वी आमची पोरं पुस्तक दिसलं की वाघरू दिसल्यासारखी पळायची. आता गोदूबाईची नात श्रुतिका खताच्या गोणीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत जे सापडेल ते मोठ्यानं वाचते. गोदूबाईच्या जिवाला एकच घोर, हे बंद पडू नये.

आणि बंद पडायचीच वेळ आली होती. संस्थेचे ऋत्विक सर तपासायला येणार होते. आधी आमची पोरं वाचणार, मग दरीपल्याडच्या वाडीतली. तिथे वर्ग नव्हता. दोन्हींत फरक दिसला तर वर्ग राहील, नाहीतर उठेल. बाईंनी हे सगळं नीट समजावलं. पण वाडीचा म्होरक्या रावजी ‘तपासायला येणार’ एवढं ऐकूनच उठून गेला; पल्याडचीही परीक्षा आहे हे त्याच्या कानावर पडलंच नाही.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. सोयरे घर बघायला आले, की पल्याडची धष्टपुष्ट म्हैस आणून आपल्या गोठ्यात बांधायची आणि आपली मरतुकडी तिकडे पाठवायची. तिकडचा खुंटा रिकामा राहू नये म्हणून.

रावजी म्हणाला, “आपली पोरं परक्या मानसापुढं मुकी होत्यात. पल्याडची बाजारात उभी करा, बाजार इकून येतील!”

झालं. सकाळीच तिकडची पोरं इकडे, इकडची तिकडे.

बाईंनी खुणा करू नयेत म्हणून त्यांना परीक्षेच्या वेळी शाळेपासून लांब बसायचं होतं. त्या गोदूबाईच्या ओटीवर. बसतायत कसल्या! उठत होत्या, दारापर्यंत जात होत्या, पुन्हा फिरत होत्या. हातातला चहा गार झाला, त्यावर साय धरली.

“गोदूआजी, हा आवाज कुणाचा? माझ्या वर्गातला नाही हा.”

“वारा हाय गो,” गोदूबाई चुलीत बघत म्हणाली.

तो वारा म्हणजे पल्याडचा मोरू. त्यानं पुस्तक उलटं धरलं आणि कोल्ह्याची अशी गोष्ट ठोकून दिली, की सर लिहायचं विसरले. अक्षर मात्र एकही ओळखलं नाही. बाकीची त्याच माळेतली.

मग सर दरी उतरून पल्याड गेले. तिथे आमची पोरं कंटाळून बसलेली. श्रुतिकानं धडा वाचला, सरांची पाण्याची बाटली वाचली, अन् सर वाकले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या कॉलरीतली धुण्याची सूचनाही वाचली म्हणतात.

दिवस कलताना सर दोन वाड्यांमधल्या दरीत आले. बाई तिथेच येरझारा घालत होत्या, मागे आम्ही.

“मॅडम, वर्ग नसलेली मुलं तुमच्या मुलांपेक्षा किती तरी चांगली वाचतात. वर्ग चालू ठेवा असं मी कशाच्या जोरावर लिहू?”

गोदूबाई रावजीवर उसळली, “बोल की मेल्या आता! म्हशी बदलल्यास ते बदलल्यास, पोरं बदलतोस?”

रावजीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. सर हसले. “निकाल वाईट लागला की सगळे असंच काही तरी सांगतात, काका.”

आता आली का पंचाईत! आयुष्यात पहिल्यांदा रावजी खरं बोलला आणि तेच खोटं ठरलं.

गोदूबाई म्हणाली, “सायेब, हितंच थांबा. सांज झाली की वासरू आपल्याच गायीकडं जातं. पोरांनाबी सोडलंय आता.”

दोन्हीकडून पोरं दरीत आली, घराच्या ओढीनं. सरांनी एकेकाला अडवून वाचायला लावलं आणि कोण कुठल्या घराकडे धावतं ते बघत राहिले. श्रुतिकानं धावता धावता वाचलं आणि आजीच्या पदरात शिरली. मोरूनं पुस्तक पुन्हा उलटं धरलं. मग खाली ठेवलं.

“सर, आमच्याकडं बाई कवा येनार?”

सरांनी पेन उघडलं, बंद केलं. हा प्रश्न कुठे लिहायचा, ते त्यांना कळेना.

वर्ग राहिला. पण त्या प्रश्नापासून बाईंना चैन नाही. कुणाला न विचारता त्या एक दिवस इकडे, एक दिवस पल्याड जाऊ लागल्या. त्यामुळे सरांची तुलनेची वाडीच गेली. शिवथरपासून नाते गावापर्यंत ते वर्ग नसलेली वाडी शोधत हिंडतायत म्हणे. रावजीनं त्यांना निरोप धाडलाय, “नाय गावली तर सांगा. कुनाची तरी उसनी आनून देतो.”