फक्त हात राहिलेत

शहरातल्या बऱ्याच कार्यालयांच्या दारात जे अर्धपुतळे आहेत, ते एकाच शिल्पकाराने घडवलेले आहेत. अध्यक्ष, संस्थापक, कुणाचे तरी वडील. असाच एक मुलगा त्याला म्हणाला होता, "बाबांना जरा हसरं करा. हयातीत हसले नाहीत, आता तरी हसू देत." त्याने हसरं केलं. मुलगा खूश झाला. आईने मात्र नवऱ्याला ओळखलं नाही.

कलाशाळेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा हा मुलगा नाव काढणार, असं सगळे म्हणाले होते. पुढे पाट्यांवर नावं लागली ती पुतळ्यांची. त्याचं म्हणावं असं एकच काम होतं, आणि ते मागच्या खोलीत ओल्या कापडाखाली होतं.

ती त्याची आई होती, मांडीवर हात ठेवून बसलेली. आई गेली त्या वर्षी, घरात तिचा एकही फोटो नसताना, त्याने ती आठवणीतून मातीत बसवली. चेहरा आठवड्यात झाला. इतका झाला, की बघायला आलेली थोरली बहीण दारातच थबकली. आत काही आली नाही. हात तेवढे राहिले. मग बँकेच्या अध्यक्षांचं काम आलं, त्यापाठोपाठ दुसरं. "चेहरा झालाय, फक्त हात राहिलेत," असं तो विचारणाऱ्याला सांगे. हळूहळू विचारणारे कमी झाले. बहीणही गेली.

माती सुकली की आक्रसते आणि आतल्या लोखंडी सांगाड्यावर तडकते. म्हणून ती कायम ओली ठेवावी लागते. लग्नानंतर हे काम बायकोकडे आलं. पद्धत त्यानेच शिकवली होती. कापड भिजवायचं, पिळायचं, वरून घालायचं आणि तळव्याने दाबत खाली आणायचं. मध्ये हवा राहता कामा नये. ती रोज सकाळी चहाआधी ते करी. कंबर धरली तरी केलं. मुलीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा शेजारणीकडून करवून घेतलं. "सासूबाईंची आंघोळ," ती म्हणे. "जिवंत असत्या तर एवढी सेवा करू दिली नसती त्यांनी."

शिल्पकाराचा एक नियम होता. झालेल्या चेहऱ्याकडे पुन्हा बघायचं नाही. बघितलं की हात शिवशिवतात आणि काम बिघडतं. कधीमधी तो खालचं कापड उचलून हातांवर थोडं काम करी. वरचं उचलत नसे.

यंदा कलाशाळेने नवं दालन बांधलं. प्राचार्या स्वतः घरी आल्या. "सर, पुतळे आहेत आमच्याकडे. आता तुमचं काहीतरी द्या."

त्याच्या बोटांना कंप सुटला होता आणि तो वाढतच होता. आत्ता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. नवी कामं परत पाठवून तो मागच्या खोलीत बसला आणि त्याने हात पुरे केले. चांगले झाले. मग मातीवरून प्लास्टरचा साचा घ्यायला त्याने साचेकाराला बोलावलं. प्लास्टरमध्ये हयात गेल्यामुळे त्याला सगळे पांढऱ्या म्हणत; आता केसही त्या नावाला शोभत होते.

"वहिनी, तुम्हीच काढा कापड," पांढऱ्या म्हणाला. "मान तुमचा."

तिने कापड उचललं.

कपाळ होतं. त्याखाली डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे, नाकाच्या जागी उंचवटा. ओठ नव्हते. नदीतल्या गोट्यासारखा चेहरा गुळगुळीत झाला होता. पांढऱ्याने आधी शिल्पकाराकडे पाहिलं, मग वहिनींच्या तळव्यांकडे.

"तुला कळलं नाही?" शिल्पकाराने विचारलं.

"मी रोज बघत होते हो. मला कालच्यासारख्याच दिसायच्या. तुम्ही एकदा तरी बघायचं."

त्याने कोरणी घेतली. बराच वेळ तो काम करत राहिला. हनुवटी आली, गाल भरले, ओठ मिटले.

"दादा, राहू दे," पांढऱ्या हळूच म्हणाला. "हे बँकेचे साहेब व्हायला लागलेत."

त्याने सगळं अंगठ्याने पुसलं आणि डोळे मिटले. आईची मान आठवली, केसांचा भांग आठवला. चेहरा येईना.

"नाक कसं होतं गं?"

"मी कुठे पाहिलंय त्यांना? मी ह्यांनाच ओळखते." तिने मातीकडे बोट केलं. मग जरा आठवून म्हणाली, "भुवईपाशी काहीतरी हाताला लागायचं, आधी. व्रण असेल."

त्याला कुठलाही व्रण आठवत नव्हता.

"शाळेत काय सांगू?" पांढऱ्याने विचारलं.

"त्यांच्याकडे संस्थापक आहेत ना, तेच ठेवा म्हणावं. तेही माझंच काम आहे."

"हात झकास झालेत, दादा. हातांचा तरी साचा घेऊ?"

"नुसते हात! कुणाचे म्हणून सांगायचं?"

पांढऱ्या बादली उचलून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कापड भिजवायला निघाली, तेव्हा तो म्हणाला, "राहू दे आता." तिने कापड दोरीवर वाळत घातलं.

पुढे काही दिवसांनी दोघं जेवत असताना मागच्या खोलीत तडकल्याचा आवाज झाला. तो मान खाली घालून जेवत राहिला. ती सवयीने उठली, आणि तिथेच उभी राहिली.