पिल्लू, शेठ आणि मी

मित्रांनो, माझं नाव खारी. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या खारीसारखा माझा रंग आहे, आणि माझा जन्मही एका बेकरीच्या मागेच झाला, उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये. बेकरीची ती भिंत दिवसभर उबदार असायची. तिला पाठ लावून आम्ही चार भावंडं झोपायचो. बेकरीवाले सिंधी काका रोज सकाळी टोस्टचा चुरा परातीत ओतायचे आणि म्हणायचे, "आओ साईं, नाश्ता तयार है!" मला कितीतरी दिवस वाटायचं, साईं हे आमचं आडनावच आहे.

आता मी आठ वर्षांची आहे. तोंडावरचे केस पांढरे होऊ लागलेत. पण म्हातारपणाचं रडगाणं गायला मी बसलेली नाही. मला तुम्हाला माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात धमाल आठवड्याची हकीकत सांगायची आहे. नुसती आठवण झाली तरी माझी शेपटी थांबत नाही!

पण आधी मी या घरात कशी आले ते ऐका. शरदचंद्र आजोबा तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. एका शनिवारी ते आमच्या बेकरीत टोस्ट घ्यायला आले आणि टोस्टच्या पुड्याबरोबर मलाही उचलून बदलापूरला घेऊन गेले. त्यांची इमारत जुनी, तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. दार कुमुदिनी आजींनी उघडलं.

"मी टोस्ट सांगितले होते," त्या म्हणाल्या.

"आणलेत की," आजोबा म्हणाले, "आणि ही खारी."

झालं, माझं बारसं दारातच उरकलं.

त्यांची नात राजसी तेव्हा तीन वर्षांची होती. तिचे आईबाबा ठाण्याला नोकरीला जात, म्हणून दिवसभर ती आणि मी. मी माझं काम मन लावून केलं. सिलिंडरवाल्याला मी रोखून धरायचे, राजसीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जायचे, तिला गोवर आला तेव्हा तिच्या खाटेखालून हलले नाही. सगळी इमारत म्हणायची, "पोरगी असावी तर खारीसारखी."

मग राजसी मोठी झाली. शाळा, क्लास, मैत्रिणी. आजी-आजोबांची दुपारची झोप लांबली. मी एकटी पडले. आणि मित्रांनो, कुत्रा एकटा पडला की तो भुंकतो. मी कुकरच्या शिट्टीवर भुंकायचे, पंख्यावर भुंकायचे, एकदा तर आरशातल्या स्वतःवरही भुंकले. आजोबा काळजीत पडले आणि मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी कान तपासले, पोट दाबलं आणि हसून म्हणाल्या, "हिला आजार नाही. ही कंटाळलीय. हिला जोडीदार आणा."

जोडीदार! त्या दिवशी मी घरी येईपर्यंत तीनदा स्वतःभोवती गोल फिरले.

नाताळची सुट्टी होती. जेवणाच्या टेबलापाशी घरची बैठक बसली. मी टेबलाखाली.

"पिल्लू! पिल्लू! पिल्लू!" राजसी ओरडली. ती आता अकरा वर्षांची आहे, पण त्या क्षणी चारची वाटत होती.

"पिल्लू म्हणजे दिवसातून बारा वेळा फडकं," आजी म्हणाल्या. "कोण मारणार फडकं? तू?"

"मारीन की!"

आजोबा शांतपणे म्हणाले, "मी सदुसष्टचा आहे, राजा. ते पिल्लू वर्षभरात दांडगं होईल आणि मला रस्त्यावरून ओढत नेईल. त्यापेक्षा एखादा मोठा, समजूतदार कुत्रा बघू या."

"मोठा म्हणजे सेकंडहँड!" राजसी म्हणाली.

मी टेबलाखालून मान वर केली. मीसुद्धा टोस्टबरोबर आलेली होते. पण कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी ठरलं की दोन्ही बघायचे, मला दोन्हीकडे न्यायचं आणि रविवारपर्यंत निर्णय घ्यायचा.

सोमवारी आम्ही रिक्षाने अंबरनाथला गेलो. सोहम नावाच्या तरुणाच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती, त्यातलं एक उरलं होतं. काळं कुळकुळीत, चारही पंजे पांढरे, अडीच महिन्यांचं. दार उघडताच ते धावत आलं, माझ्या पोटाखालून गेलं, मागून आलं आणि माझ्या कानाला लोंबकळलं! मी एकदाच गुरगुरले. त्याने तिथल्या तिथे शू केली. सगळे पोट धरून हसले. पाच मिनिटांनी ते पुन्हा माझ्या शेपटीवर तुटून पडलं आणि खेळता खेळता मध्येच माझ्या पायावर डोकं टेकून झोपून गेलं. राजसीचे डोळे पाणावले होते.

"काका, अजून एक फॅमिली विचारतेय," सोहम आजोबांना म्हणाला. "संडेपर्यंत थांबतो. नंतर नाही जमणार."

खरं सांगते, ते पिल्लू मलाही फार आवडलं. पण घरी आल्यावर माझा कान सुजला होता, कंबर ठणकत होती आणि संध्याकाळी सहाला मी जी झोपले ती सकाळीच उठले.

मंगळवारी गेलो बदलापूरच्याच सोनिवलीला. तिथे कौसाबाई राहतात. पूर्वी त्या आजींना भाजी आणून द्यायच्या. त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंनी आता उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्या स्वतः मुरबाडकडे लेकीच्या घरी राहायला निघाल्या होत्या. अंगणात आंब्याच्या सावलीत एक थोराड, मातकट रंगाचा कुत्रा पडलेला होता. सहा वर्षांचा. आम्ही आत आलो तरी तो उठला नाही.

"ह्यो शेठ," कौसाबाई म्हणाल्या. "काम कायबी करत नाय, पन नजर सगल्यांवर. म्हनून शेठ. लेकीकडं दोन कुत्रं हायेत. ती याला उभं करनार नायत, नायतर नेला असता."

मी हळूहळू पुढे गेले. हुंगलं. त्यानेही मान लांब करून मला हुंगलं. आणि मग काय केलं सांगू? तो उठला, दोन पावलं सरकला आणि पुन्हा बसला. सावलीतली अर्धी जागा त्याने माझ्यासाठी मोकळी केली होती!

"आगं बाय!" कौसाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "आजपातुर ह्यो कोनासाठी सरकला नाय."

मला इतका आनंद झाला की मी अंगणात सात चकरा मारल्या. शेठही उठला, माझ्या मागून मोजून एक चक्कर मारली आणि दमून बसला. आजोबा खूश, आजी खूश. राजसी मात्र फाटकाशी उभी राहून मोबाइलमध्ये पिल्लाचे फोटो बघत होती.

"रविवारपातुर ठेवून बघा," कौसाबाई म्हणाल्या. "नाय जमलं तर निरोप धाडा."

"आणि नाही जमलं तर त्याचं काय होईल?" आजींनी विचारलं.

कौसाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "ऱ्हाईल हितंच. एकला."

गुरुवारी सकाळी शेठ रिक्षातून आमच्या फाटकाशी उतरला. साहेबासारखा आजूबाजूला बघत जिन्यापाशी आला, पहिल्या पायरीवर एक पंजा ठेवला, मागे घेतला आणि बसला. उभ्या जन्मात त्याने जिना पाहिला नव्हता.

आजोबांनी पट्टा ओढला. आजींनी चपाती दाखवली, मग तूप लावलेली चपाती, मग कोंबडीचा तुकडा. शेठने पहिल्या पायरीवर ठेवलेला तो तुकडा खालूनच मान लांबवून खाल्ला आणि पुन्हा बसला. आजोबा त्याच्यासमोर हात जोडून म्हणाले, "चला ना शेठ, एवढी विनंती करतोय."

"माझ्या रुसव्याला कधी एवढी विनंती नाही केलीत," आजी म्हणाल्या.

त्याला उचलावं म्हटलं तर अठ्ठावीस किलोचं धूड. शेवटी वॉचमन सदूने त्याला आपल्या केबिनपाशी पोतं टाकून दिलं. "ऱ्हाऊ द्या काका, माझी पण सोबत होईल," तो म्हणाला.

शुक्रवारही तसाच गेला. मी दहा वेळा जिना चढून दाखवला, उतरून दाखवला. शेठ माझ्याकडे कौतुकाने बघायचा, पण हलायचा नाही. राजसीचा आनंद लपत नव्हता. "चढतच नाही तर काय करणार?" ती म्हणाली. "मग रविवारी पिल्लू आणू."

शनिवारी मी ठरवलं. तो वर येत नसेल, तर मी खाली राहते. सकाळी फिरून आल्यावर मी शेठच्या पोत्यावर बसले आणि आजोबांनी कितीही हाका मारल्या तरी उठले नाही. आजींनी मला आणायला राजसीला पाठवलं.

"खारी, चल!" नाही. "खारी, बिस्किट!" बिस्किटाचं नाव ऐकून तोंडाला पाणी सुटलं, पण नाही.

राजसी रागाने तिसऱ्या पायरीवर बसली. "तू माझी आहेस की त्याची?" तिने विचारलं. मित्रांनो, याला कुत्रा काय उत्तर देणार? मी शेपटी हलवली. दोघांसाठीही हलवली.

ती बराच वेळ तशीच बसून राहिली. काही काम नव्हतं म्हणून शेठकडे बघत राहिली. थोड्या वेळाने तो आपणहून उठला. त्याने दोन्ही पुढचे पंजे पहिल्या पायरीवर ठेवले, अंगाचा भार टाकला, आणि नखं फरशीवरून कर्रर्र करत घसरली. तो मागे सरकला. पुन्हा तेच केलं. पुन्हा कर्रर्र.

राजसी पुढे वाकली. तिने चप्पल काढली आणि पायरीवर तळवा घासून पाहिला. आमच्या जिन्याच्या फरश्या इतक्या वर्षांत झिजून काचेसारख्या झाल्या आहेत. शेठचं सगळं आयुष्य मातीवर गेलेलं.

तो घाबरत नव्हता. तो घसरत होता.

हे त्या क्षणी इमारतीत फक्त राजसीला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे फक्त मला. तिने खालचा ओठ चावला. ती गप्प बसली असती तर उद्या पिल्लू तिचं होतं. कुणाला काही समजलं नसतं. मी तिच्याकडे पाहत होते, ती जिन्याकडे पाहत होती. मग ती एकदम उठली आणि फाटकातून बाहेर धावत सुटली.

आली ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडची सहा रिकामी गोणपाटं डोक्यावर घेऊन!

"आजोबा! सदूकाका! सगळे या!"

मग जी मजा आली ती काय सांगू! सहा पायऱ्यांवर सहा गोणपाटं अंथरली. मी पुढे झाले. शेठने पंजा ठेवला. नखं रुतली. दुसरा पंजा. मागचे पाय. "चढला! चढला!" सदू ओरडला. सहा पायऱ्या झाल्या की मागची गोणपाटं काढायची आणि पुढे अंथरायची. राजसी अंथरणार, सदू काढणार, आजोबा मागून "शाबास शेठ, शाबास" करणार. पहिल्या मजल्याची दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावरच्या अंजनाकाकू कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या आणि एक कोपरा धरू लागल्या. तिथे शेठ दहा मिनिटं खाली बसला. सगळे गोणपाटं धरून उभे. मी खाली येऊन त्याचा कान चाटला. तो उठला. शेवटचा टप्पा तर त्याने जवळजवळ धावतच घेतला, इतका की राजसीला गोणपाट टाकायला पुरेसा वेळच मिळेना!

तिसऱ्या मजल्यावर आजी दार सताड उघडून उभ्या होत्या. "या शेठ," त्या म्हणाल्या, "बसा."

तो आत आला आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तुकड्यात बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राजसी धापा टाकत भिंतीला टेकून उभी होती, केसांत गोणपाटाचे धागे अडकलेले.

"मग उद्याचं काय, राजा?" आजोबांनी हळूच विचारलं. "सोहम उद्यापर्यंतच थांबणार आहे. तू म्हणशील तसं."

तिने आजोबांचा फोन घेतला आणि स्वतः नंबर लावला. "सोहमदादा, मी राजसी. ते पिल्लू त्या दुसऱ्या फॅमिलीला द्या." तिचा आवाज जरा चिरकला. "नाही, आवडलं होतं. खूप आवडलं होतं. पण ते कुणालाही आवडेल. आमच्या शेठला जिना चढताना काय लागतं, ते फक्त मला माहितीये."

फोन ठेवून ती थोडी रडली. मग शेठच्या पोटावर डोकं ठेवून आडवी झाली. त्याने तिला हटकलं नाही.

आता आजोबांनी सगळ्या पायऱ्यांवर काथ्याच्या पट्ट्या ठोकून घेतल्यात. इमारतीतली म्हातारी माणसं त्यांना दुवा देतात. मी पंख्यावर भुंकणं बंद केलं आहे. शेठ माझ्या चटईचा पाऊण भाग घेतो आणि जोरजोरात घोरतो, पण मी तक्रार करणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी दुसरा कुत्रा आणायचं ठरलं, तर जो आधीपासून तिथे आहे त्याला विचारा. त्याला सोबत न्या आणि तो काय सांगतो ते नीट पाहा. पिल्लू आणलंत तरी छानच. मात्र तेही एक दिवस माझ्यासारखं पांढऱ्या तोंडाचं होणार, हे त्याला मांडीवर घेतानाच मनाशी पक्कं करा. आणि एखादा मोठा कुत्रा पायरीपाशी अडून बसला, तर त्याला आळशी, घाबरट म्हणण्याआधी खाली बसून त्याच्या पंजांकडे बघा.

आता मला रजा द्या. खाली शाळेची बस थांबल्याचा आवाज आला. राजसी आली! आणि बघा बघा, हा शेठ माझ्याही आधी जिना उतरून निघालासुद्धा! अरे, थांब की!